नऊ किलो

आकडा वाचला आणि त्याला आधी आनंदच झाला. आधी आनंद झाला, ही गोष्ट पुढे त्याच्या मनातून कधीच जाणार नव्हती. पण त्या क्षणी त्याने मांडीवर थाप मारली आणि खात्री करायला काट्यांच्या पडद्याकडे पुन्हा वाकून पाहिलं. एक हजार तेवीस. गेल्या वर्षी याच शेडमध्ये, याच चार काट्यांवर, याच गाडीने बायकोसकट एक हजार बत्तीस किलो दाखवले होते. म्हणजे नऊ किलो गेले होते, आणि कुठून गेले ते त्याला ठाऊक नव्हतं. फुकटचे नऊ किलो. याचं मोल ऑटोक्रॉसवाल्यांना विचारावं. मोकळ्या आवारात रबरी शंकू मांडायचे, त्यांच्यातून एका वेळी एकच गाडी सोडायची, एकही शंकू न पाडता कोण किती लवकर बाहेर येतो ते घड्याळावर बघायचं, एवढाच हा खेळ. बक्षीस म्हणाल तर एक कप, तोही पुढच्या वर्षी परत द्यायचा. पण त्या कपापायी चांगली कर्तीसवरती माणसं रोजच्या वापरातल्या गाडीतून स्टेपनी काढतात, मागची सीट काढतात, पायपुसणीसुद्धा ठेवत नाहीत, आणि घरी जाऊन बायकोला अभिमानाने सांगतात की आज दीड किलो कमी केलं. त्याच्या घरी उलटं होतं. गाडी बायको चालवायची आणि तो नुसतं सेटिंग करायचा. एरवी हीच गाडी तिच्या शिलाईच्या दुकानासाठी कापडाचे तागे वाहायची आणि रविवारी शंकूंमधून धावायची.

‘अगं, नऊ किलो कमी आलेत,’ तो म्हणाला.

ती चालकाच्या सीटवर बसली होती, पट्टा बांधून, हेल्मेट घालून. तिने मान वळवली नाही. ‘बरं,’ एवढंच आतून ऐकू आलं.

मान वळवायची नाही, हा नियम त्याचाच होता. गाडीच्या चारी चाकांखाली एकेक काटा ठेवायचा आणि कोणत्या चाकावर किती भार येतो ते बघायचं. प्रत्येक स्प्रिंगखाली आटे असलेली एक चकती असते. ती फिरवली की गाडीचा तो कोपरा किंचित वर किंवा खाली होतो, आणि लंगडणाऱ्या टेबलासारखा भार लगेच तिरकस समोरच्या पायाकडे पळतो. चकत्या अशा जुळवायच्या की डावं वळण आणि उजवं वळण गाडीला सारखंच वाटलं पाहिजे. आणि हे सगळं चालक आत बसलेला असताना करायचं, कारण चालक एका बाजूला बसतो आणि त्याचं वजन त्या बाजूला पडतं. क्लबातले बाकीचे लोक सीटवर वाळूच्या पिशव्या ठेवून भागवत. त्याला ते पटत नसे. वाळू पाय लांब करत नाही, वाळू कोपर दाराला टेकवत नाही, असं तो म्हणायचा. खरा माणूस बसला तरच खरा भार कळतो. मग ती बसायची, हात स्टिअरिंगवर, हलायचं नाही, बोलायचं नाही, आणि दर वेळी न चुकता विचारायची, ‘मापाडी, मी माणूस आहे की वजन?’ तो म्हणायचा, ‘आत्तापुरतं वजन.’ हे दोघांचं ठरलेलं होतं, सणंग उलगडावं तसं दर मोसमाला एकदा उलगडायचं. आज मात्र तिने विचारलं नव्हतं. उलट सकाळी चहा पिताना ती म्हणाली होती, ‘या वेळी वाळू ठेव ना सीटवर, बासष्ट किलो. मला दुकानात काम आहे.’ त्याने ते उडवून लावलं होतं. परवा रविवारी मोसमातली शेवटची फेरी होती, ती पहिल्या तिघांत होती, आणि आता काय वाळू ठेवायची?

त्याने बॉनेट उघडलं. बॅटरी तीच. डिकी उघडली; स्टेपनी आणि जॅक त्यानेच सकाळी काढून भिंतीला टेकवले होते, पण ते गेल्या वर्षीही काढले होते. टाकीत पेट्रोल तेवढंच. लाल दिवा लागेपर्यंत गाडी पळवायची आणि मग पाच लिटर भरायचं, ही त्याची पद्धत ठरलेली होती आणि तो पद्धत सोडणाऱ्यांतला नव्हता. त्याने क्लबातल्या गॅरेजवाल्याला फोन लावला. या गृहस्थाला सगळे ग्रीस म्हणायचे, कारण त्याचा हात हातात घेतला की दिवसभर आठवण राहायची. काटे क्लबाचे असले तरी सांभाळायचा ग्रीसच.

‘ग्रीस, माझ्या गाडीतून नऊ किलो गेले.’

‘काय काढलंस?’

‘तेच तर कळत नाही.’

‘चोराला माझा पत्ता दे,’ ग्रीस म्हणाला. ‘माझ्या गाडीतूनही ने म्हणावं. आणि वहिनींना सांग, या वेळी कप घरी आणायचा.’

तो हसला. हसतच काचेत वाकून तिला म्हणाला, ‘ग्रीस जळून खाक झालाय.’ ती हेल्मेटच्या आतून म्हणाली, ‘असेल काहीतरी रे. नऊ किलोंनी काय होतंय? तू पुढचं कर.’ पण पुढचं करेल तर तो मापाडी कसला. ज्याचा हिशेब लागत नाही असं वजन डोळ्यांसमोर असलं की त्याच्या घशाखाली घास उतरायचा नाही. वजनमापे खात्यात इतकी वर्षं काढून त्याला एक गोष्ट पक्की कळली होती, की वजन कुठेही जात नाही. ते फक्त इकडचं तिकडे होतं. पारड्याखाली चिकटवलेल्या लोहचुंबकात असतं, ओल्या केलेल्या पोत्यात असतं, दुकानदाराच्या करंगळीत असतं; शोधणारा हवा. त्याने तिला सांगितलं, ‘उतर जरा. रिकामी बघू दे.’

ती लगेच उतरली नाही. ‘पाय अवघडलाय,’ म्हणाली. मग पट्टा सोडून, एक हात छताला धरून, हळूहळू बाहेर आली आणि भिंतीशी ठेवलेल्या स्टेपनीवर जाऊन बसली. हेल्मेट तिने मांडीवर घेतलं. त्याने पडद्याकडे पाहिलं. नऊशे सत्तर. त्याला गेल्या वर्षीचा रिकाम्या गाडीचा आकडा आठवायला काही करावं लागलं नाही, लोकांना मुलांचे वाढदिवस आठवतात तसे त्याला हे आकडे आठवायचे. गेल्या वर्षीही नऊशे सत्तरच.

गाडीतून काहीही गेलेलं नव्हतं.

मग जे झालं ते विचार करणं नव्हतं. वजाबाकी आपोआप झाली, शाळकरी पोरालाही होईल अशी, आणि उत्तर समोर आलं, आणि त्याने त्या उत्तराकडे पाहिलंच नाही. तो पडद्याकडेच पाहत राहिला. शेडचा पत्रा उन्हाने तडतडत होता. कुठेतरी शेजारच्या आवारात कोणी पाइपने पाणी मारत होतं. आपल्या कानांत काहीतरी भरलंय आणि पाण्याचा आवाज त्यापलीकडून येतोय असं त्याला वाटलं. काटा बिघडला असणार, एवढं एकच वाक्य डोक्यात तरंगत होतं आणि ते त्याने दोन्ही हातांनी धरलं. पिशवीतून त्याने वीस किलोचं वजन काढलं. खात्याचं जुनं, बाद केलेलं, तरी ग्रॅमलाही खोटं नसलेलं बिडाचं वजन. गाडी जॅकवर उचलून पुढच्या उजव्या चाकाखालचा काटा मोकळा केला आणि त्यावर ते ठेवलं. वीस. मागचा काटा मोकळा केला. वीस. मागल्या आठवड्यात हे चारी काटे त्यानेच तपासले होते, ग्रीसच्या देखत, आणि वर ऐट मारली होती की एवढे खरे काटे बाजारात एका दुकानात सापडणार नाहीत. एवढ्या नोकरीत आज पहिल्यांदा काटा खोटा निघावा म्हणून तो मनातल्या मनात हात जोडत होता. काटा खोटा निघाला नाही. त्याने गाडी पुन्हा काट्यांवर उतरवली, एकेक चाक नीट मधोमध आलं की नाही ते वाकून पाहिलं, कारण हात रिकामे झाले असते तर तिच्याकडे बघावं लागलं असतं.

बासष्टातून नऊ गेले की त्रेपन्न, हेल्मेट आणि बूट धरून. आणि मग, एकदा तो आकडा मनात शिरल्यावर, सबंध मोसम उलटा उलगडायला लागला. पहिल्या फेरीच्या आधी ती म्हणाली होती, सीट टोचते. तो खाली वाकून सीटच्या स्प्रिंगा चाचपत बसला होता, एकही तुटलेली नव्हती, तरी त्याने जाड फोम आणून घातला होता. नंतर ती म्हणाली, वळणात मी सीटवरून घसरते. अरे, मी घसरते, असंच म्हणाली होती, आणि त्याने ऐकलं होतं की सीट पकडत नाही. मग कमरेच्या दोन्ही बाजूंना भरायला त्याने फोमचे दोन तुकडे कापून दिले आणि तिनेच दुकानात बसून त्यांना खोळी शिवल्या, निळ्या, नीट टीप मारलेल्या. खांद्याचा पट्टा दर फेरीला थोडा जास्त ओढावा लागत होता; पट्टा ताणला गेलाय असं ठरवून त्याने नवा पट्टा आणला, नवाही तसाच ओढावा लागला, तेव्हा बकल खराब आहे म्हणून त्या दुकानदाराशी हुज्जत घातली. स्टिअरिंग जड जातंय म्हणाली तर त्याने स्टिअरिंगचं तेल बदललं. ब्रेक दाबायला जोर लागतो म्हणाली तर ब्रेकमधली हवा काढली. उन्हाळ्यात एका रविवारी दुसरी धाव संपल्यावर ती गाडीतून उतरलीच नाही, डोकं मागे टेकवून डोळे मिटून बसली, आणि तो खिडकीत वाकून मोठ्या उत्साहाने तिला विचारत होता की वळणात मागचं चाक पकड सोडतंय का पुढचं. तिने डोळे न उघडता सांगितलं होतं, ‘पुढचं.’ त्याने पुढच्या टायरमधली हवा कमी केली होती. ती जे जे सांगत होती ते सगळं त्याने ऐकलं होतं, एकही गोष्ट त्याने कानाआड केली नव्हती, आणि प्रत्येक गोष्टीवर इलाज केला होता. गाडीवर. वर्षभर तो गाडीवर इलाज करत होता. त्याने गाडीच्या टपाला हात टेकला. टप तापलेला होता तरी हात काढला नाही.

आणि कपडे? सगळ्यांत आधी कपडे सैल होतात, हे त्यालाही कळत होतं. तिचे कपडे कधीच सैल दिसले नव्हते. अंगावर बेतल्यासारखे असायचे, आत्ताही होते. आणि इथे त्याला आठवलं ते शिलाई मशीन, बाहेरच्या खोलीत रात्रीच्या जेवणानंतर चालणारं, हल्ली हल्ली जरा जास्तच चालणारं. तो आत बसून टायरच्या दाबाचे व्हिडिओ बघायचा आणि त्या आवाजाने त्याला बरं वाटायचं, घर चालू आहे असं वाटायचं. गिऱ्हाइकांचे कपडे घरी आणते असं त्याने धरून चाललं होतं. तिने तसं कधी सांगितलं नव्हतं. त्याने कधी विचारलं नव्हतं.

आता तिच्याकडे बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ती स्टेपनीवर बसली होती, गुडघे जवळ घेऊन, आणि हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत होती. मनगट. हे मनगट त्याने रोज पाहिलं होतं, रोज या मनगटाने त्याच्यापुढे कप ठेवला होता, आणि तरी ते त्याला ओळखू येईना. घड्याळाच्या पट्ट्याला एक नवं भोक पाडलेलं होतं, हाताने, टोच्याने. गालाखाली एक सावली होती आणि तिच्यावर ऊन पडलं तरी ती जात नव्हती. बाहीला निळ्या दोऱ्याचा तुकडा चिकटला होता. त्याला वाटलं की आपण पुढे जाऊन तो दोरा काढावा.

‘कधीपासून?’ त्याने विचारलं. आवाज भलताच साधा आला.

‘थंडीपासून.’

‘मला सांगितलं नाहीस.’

‘सांगितलं की.’ ती रागावलेली नव्हती. ‘सीट टोचते म्हणाले तर तू फोम आणलास. घसरते म्हणाले तर उशा करून दिल्यास. मग म्हटलं, याला एवढी मजा येतेय दुरुस्त करण्यात, तर होऊ दे. आणि खरं सांगू, मलाही बरं वाटायचं. तू काहीतरी काढायचास, काहीतरी घालायचास, आणि मला वाटायचं, असेल, सीटचंच असेल.’

‘डॉक्टरांकडे?’

‘गेले होते. आपल्या कोपऱ्यावरच्या. त्यांनी तपासण्या लिहून दिल्यात. रक्ताची, आणि पोटाची सोनोग्राफी.’

‘केव्हा?’

‘पंधरा दिवस झाले असतील.’

‘ते काय म्हणाले?’

तिने हेल्मेट फिरवून त्याची काच उगीचच बाहीने पुसली. ‘म्हणाले, उशीर करू नका.’

पंधरा दिवस. त्या दिवसांत त्याने गाडीचं ऑइल बदललं होतं, मागचे टायर अदलाबदल केले होते, दोन संध्याकाळी ग्रीसकडे बसून पुढच्या चाकांचा कल किती ठेवावा यावर वाद घातला होता. त्याला एकाएकी संताप आला आणि तो कोणावर काढावा ते कळेना. ‘रविवार गेला खड्ड्यात,’ तो म्हणाला. ‘गाडी इथेच राहू दे. चल. आत्ता चल.’

‘आत्ता कुठे? आत्ता दुपारी कोण घेणार रक्त? उपाशीपोटी जावं लागतं.’

‘मग उद्या सकाळी.’

‘उद्या सकाळी,’ ती म्हणाली. ‘जाऊ. तूही चल. मी सोमवारचं ठरवलं होतं, पण आता तू बघितलंयस, तर उद्या.’ ती थोडं थांबली. ‘पण रविवारी मी धावणार. ते माझ्याकडून काढून घेऊ नकोस. दुकानाच्या चार पायऱ्या चढल्या की मला दम लागतो रे. घरी बादली उचलायची तर आधी बसावं लागतं. तिथे नाही लागत. त्या एका मिनिटात मी होते तेवढीच असते.’

त्याने पाना उचलला, खाली ठेवला, कोपऱ्यातल्या वाळूच्या ढिगाकडे पाहिलं. मग त्याला सुचलं, आणि सुचलं म्हणून हायसंही वाटलं. ‘थांब,’ तो म्हणाला, ‘नऊ किलो वाळू पिशवीत भरून तुझ्या पायामागे बांधून टाकतो. मग सेटिंगला हात लावायलाच नको. गेल्या वर्षीचंच राहील सगळं.’

ती त्याच्याकडे बघत राहिली. ‘मापाडी, दुकानदाराने असं केलं तर तू काय करतोस?’

‘काटा जप्त करतो,’ तो म्हणाला.

‘मग मी आहे तेवढ्यावर कर.’

ती उठली आणि आपणहून गाडीत जाऊन बसली. त्याने पट्टा ओढला. या वेळी तो ओढताना त्याने पट्ट्याकडे नाही, खांद्याकडे पाहिलं. पट्ट्याखाली हाड होतं, आणि निळ्या उशा दोन्हीकडून तिला धरून होत्या, एखादा जिन्नस फुटू नये म्हणून खोक्यात चिंध्या भरतात तशा. बाहीवरचा दोरा त्याने काढला आणि कुठे टाकावा ते न कळून खिशात ठेवला. मग तो मागच्या उजव्या चाकाजवळ गुडघ्यांवर बसला आणि हात आत घालून चकती फिरवायला लागला. आटा मळलेला होता, जोर लावावा लागला. गेल्या वर्षी इथे तिचा जो भार होता तो आता नव्हता, आणि त्या न उरलेल्या भाराच्या मानाने गाडी जुळवून घ्यायची, हे काम होतं. थोडं फिरवायचं, बाहेर येऊन पडद्याकडे बघायचं, पुन्हा आत हात घालायचा. हे त्याने शेकडो वेळा केलं होतं. एका फेऱ्याला त्याला कळलं की आपण आट्यांवर तोंड टेकवून बसलोय आणि तोंडात वंगणाची चव आलीय, आणि किती वेळ असे बसलोय ते सांगता येणार नाही. आतून ती म्हणाली, ‘झालं का रे?’ तो म्हणाला, ‘होतंय.’ मग तिने विचारलं, बऱ्याच वेळाने, हेल्मेटच्या आतून, हळूच, ‘मी माणूस आहे की वजन?’

त्याने चकती आणखी थोडी फिरवली, नट घट्ट केला आणि बाहेर आला. चाकांच्या तिरकस जोड्यांचे भार तंतोतंत जुळले होते. इतकं नेमकं सेटिंग त्याच्या हातून आजवर झालं नव्हतं. ‘झालं,’ तो म्हणाला.

तिने पट्टा सोडला, दार उघडलं. एरवी या वेळेला तो हत्यारं गोळा करत असायचा. ती उतरताना पडद्यावर काय होतं हे बघायची त्याला कधी गरजच पडली नव्हती. आज तो बघत होता. तिने एक पाय जमिनीवर टेकवला आणि आकडे हलले. थोडे उतरले. मग छताला धरून तिने अंग उचललं आणि ते आणखी उतरायला लागले, एक हजार वीस, एक हजार दहा, एक हजार, आणि मग त्या आकड्यांच्या मागोमाग त्याला पुढचं दिसलं, की आता नऊशे सत्तर येईल आणि गाडी तिथेच उभी राहील, काहीच झालं नाही अशी, तिच्याशिवाय पुरती, चारी चाकांवर.

‘थांब,’ तो म्हणाला. ‘उतरू नकोस.’

ती अर्धवट उठलेली तशीच थांबली. ‘का? चुकलं काही?’

‘नाही. बस. काटा स्थिर होऊ दे.’

ती पुन्हा बसली. एक हजार तेवीस. काटा केव्हाच स्थिर झाला होता. तो पडद्यासमोर उकिडवा बसून राहिला आणि ती आत हात स्टिअरिंगवर ठेवून, त्याने शिकवलं होतं तशी, न हलता बसली.